भरपाई कशाची होते?

शेजाऱ्याचे भांडे आपल्या हातून फुटले तर नवे आणून द्यावे, असे आपल्या घरांत लहानपणीच शिकविले जाते. ही शिकवण चांगली आहे. तिच्यावरच देवघेव चालते, शेजार टिकतो आणि माणूस माणसाच्या तोंडाकडे सरळ पाहू शकतो. परंतु या सोप्या नियमाला काही सीमा आहे की नाही? जी वस्तू आपण घडविली नाही, जिच्या घडणीत आपला हात नाही, ती मोडली तर तिच्या जागी तशीच दुसरी ठेवून आपण ऋणमुक्त होतो काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्या मित्रमंडळींत त्यावरून बरेच दिवस वाद चालला, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

मी राहतो त्या ठिकाणाचे नाव दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. नाव ऐकून कोणाला मोठा बगीचा वाटेल. पण येथे बाग थोडी आणि कारखाने व गुदामे फार. १९९७ साली सुरू झालेली ही सुमारे २,३०० हेक्टरांची वसाहत जेबेल अली बंदराच्या जवळ, वाळवंटात उभी केलेली आहे. एका रस्त्याला कारखाने, दुसऱ्या रस्त्याला कामगारांची वसतिगृहे, पलीकडे शाळा आणि कुटुंबांच्या इमारती. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मराठी शब्द कानावर पडला नाही असा दिवस जात नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक शाळासोबती लोदहून येथे आला. मुंबईला उतरून मोटारीने कोकणचा किनारा धरावा, समुद्रातले पोवळे पाहावे आणि घाटावरचे रान पाहून परतावे, असा त्याचा बेत होता. आम्ही चौघे निघणार होतो. त्यात काँक्रीटच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक मित्र होता. समुद्राच्या बंधाऱ्याला लागणारे मोठाले ठोकळे तेथे ओततात. तो म्हणाला, "अरे, जंगल आणि पोवळे पाहायला इतके लांब कशाला जायचे? जंगल पाऊण तासावर आहे, पोवळे दोन तासांवर. आणि उरलेले आम्ही बनवून देऊ!"

तो थट्टा करीत होता, पण बोलणे खोटे नव्हते. दुबईच्या सिटी वॉक भागात २०१६ पासून 'ग्रीन प्लॅनेट' नावाचे काचेच्या इमारतीतले पर्जन्यवन आहे. मधोमध माणसाने उभा केलेला सुमारे पंचवीस मीटर उंचीचा वृक्ष, भोवती तीन हजारांहून अधिक वनस्पती व प्राणी, आणि नळ्यांतून पडणारा पाऊस. मोटारीने हजर पर्वत ओलांडून फुजैराच्या किनाऱ्याला गेले की खरे पोवळेही पाहायला मिळते. शिवाय 'दुबई रीफ' या नावाने समुद्रतळावर वीस हजार ठोकळे टाकून सहाशे चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात माशांना व पोवळ्यांना आसरा देण्याची योजना २०२४ साली सुरू झाली आहे.

म्हणून आधी एका रविवारी आम्ही ते काचेतले रान पाहून आलो. नाके मुरडावी असे तेथे काही नाही. वाळवंटात जन्मलेली मुले ओल्या मातीचा वास घेत होती आणि झाडावर लोंबकळणाऱ्या मंद प्राण्याकडे तोंड वासून पाहत होती. त्या मुलांना तो आनंद मिळू नये असे कोण म्हणेल? दोन आठवड्यांनी आम्ही मुंबईला उतरलो.

मुंबईत वरळीहून मरीन ड्राइव्हकडे नेणारा नवा सागरी किनारा रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आहे. त्याच्या बांधकामाच्या वेळी, २०२० साली, वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरच्या पोवळ्यांच्या काही वसाहती उचलून कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्याला बसविण्यात आल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पोवळ्याला वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे, म्हणून ही काळजी घ्यावी लागली. आमच्यापैकी दोघांचे बालपण त्याच किनाऱ्यावर गेले. हाजी अलीच्या खडकांत जिवंत पोवळे आहे हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते! ते हलविले गेल्याची बातमी आली तेव्हा कळले की ते होते.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीत मोटार घालून मांडवा गाठले आणि तेथून अलिबाग, रेवदंडा, मुरुड, मग आगरदांड्याहून पलीकडे दिघी, श्रीवर्धन असे दक्षिणेस उतरत गेलो. या गावांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यायला नको. आपली आडनावेच अशा गावांना 'कर' लावून झालेली आहेत. पुढे खाड्यांमागून खाड्या ओलांडीत मालवणला पोहोचलो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरांचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मासेमारीवर गदा येईल म्हणून तेथील मच्छिमारांनी त्याला विरोध केला, आणि ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याची ती भीती समजण्यासारखी आहे. आता त्याच पाण्यात पर्यटक बुडी मारायला येतात. पाण्यात उतरण्यापूर्वी होडीवाल्याने आम्हांला एकच गोष्ट बजावली: "दादा, काय वाटेल ते करा, पण खाली पाय टेकवू नका." पोवळे दगडासारखे दिसते, प्रत्यक्षात ती हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उन्हावर अन्न करून त्यांना भरविते. गोलसर, भरीव जातीचे पोवळे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. म्हणजे हातभर पोवळे हे आपल्या आजोबांच्या वयाचे असू शकते, आणि एका नांगराने ते क्षणात फुटते.

मालवणहून सावंतवाडीमार्गे आंबोलीला चढलो. डिसेंबरात पाऊस नव्हता, पण वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस झेलणारे ते रान तेव्हाही ओलसर व काळोखे होते. तेथे हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, आणि उगमापाशी महादेवाचे देऊळ व कुंड. या कुंडात बोटाएवढा लहान मासा आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे दर्शनाला येत होते. तो मासा वेगळ्याच जातीचा आहे हे शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखविले, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ साली ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोलीच्याच एका भेकाची नवी जात म्हणून नोंद २००९ साली झाली.

त्या कुंडापाशी आमचा वाद खरा पेटला. लोदचा मित्र म्हणाला, "समज, दहा वर्षांपूर्वी येथे काही बांधायचे ठरले असते आणि कोणी प्रामाणिकपणे भरपाईची यादी केली असती: इतकी झाडे, इतके पाणी. त्या यादीत हा मासा आला असता काय?"

आला नसता. भांडे फुटले तर काय फुटले हे दोघांनाही ठाऊक असते; म्हणून भरपाई पुरी होते. रान किंवा पोवळ्याची भूमी मोडली तर काय मोडले हेच आपल्याला पुरते ठाऊक नसते. मग पुरी भरपाई कोणत्या मापाने करणार?

ठोकळेवाला मित्र सहजी हार मानणारा नाही. तो म्हणाला, "माझ्या ठोकळ्यांवर पोवळे धरते. येऊन पाहा." त्याचे म्हणणे खरे आहे. दुबईच्या जुन्या बंधाऱ्यांवर पंचवीस-तीस वर्षांत भरपूर पोवळे वाढल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. मात्र तेथील जातींची ठेवण नैसर्गिक भूमीपेक्षा निराळी असते, हेही त्यांनीच नोंदविले. आणि मुख्य गोष्ट ही की ठोकळा फक्त जागा देतो. त्यावर जे बीज येऊन बसते ते पाण्यातून वाहत दुसऱ्या, जिवंत पोवळ्याकडून येते. काचेतल्या रानातील जीवांचे कूळही कोठल्या तरी खऱ्या रानातच निघते. जेबेल अलीच्या किनाऱ्यालगतच्या पोवळ्यांचा काही भाग बेटाच्या भरावाखाली गेला. २०१७ च्या कडक उन्हाळ्यात अबू धाबीच्या समुद्रातील सुमारे दोन-तृतीयांश पोवळे मेले. अशी मुळे एकेक करून गेली तर ठोकळे कितीही ओता, त्यांवर बसायला येणार कोण? नकलेचा जीव मूळ वस्तूवर टांगलेला आहे. म्हणून नक्कल करता येते एवढ्यावर मूळ मोडण्याचा हक्क मिळत नाही.

याचा अर्थ कशालाच हात लावू नये असा घ्यायचा काय? तसे बोलणे ढोंगीपणाचे होईल. जेबेल अलीचे बंदर १९७९ साली खुले झाले. त्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या धंद्यावर माझ्यासकट हजारो मराठी घरांची चूल पेटते. आपल्या तोरेत या बाबतीत सुंदर विवेक आहे. मारका म्हणून ठाऊक असलेल्या आपल्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर बैलाला बैल द्यावा, असे निर्गमात सांगितले आहे. पण अनुवादाच्या विसाव्या अध्यायात नगराला वेढा घातला असता फळझाडे तोडू नयेत असे जेथे सांगितले, तेथे भरपाईचा शब्दच नाही. तेथे सरळ मनाई आहे. आणि लगेच पुढे, फळ न देणारी झाडे गरजेपुरती तोडण्याची मोकळीक आहे. म्हणजे गरज मान्य आहे, भरपाईही मान्य आहे. पण काही गोष्टींच्या बाबतीत 'मग भरून देईन' हे उत्तर चालत नाही, आणि ते लढाईच्या घाईतसुद्धा चालत नाही.

परतीच्या वाटेवर ठोकळेवाल्या मित्राने थट्टा सोडून विचारले, "मग माझे काम चांगले की वाईट, ते सांगा ना." शाळेत शिकविणारी आमची चौथी सोबतीण, जी तोवर गप्प होती, तिने उत्तर दिले: "भाऊ, जेथे पूर्वीच नुकसान झाले तेथे तुमचा ठोकळा औषध आहे. पण औषध घरात आहे म्हणून कोणी मुद्दाम आजारी पडत नाही." मला हे उत्तर पटले. त्यात मी इतकीच भर घालीन की शेजाऱ्याचे भांडे आणून दिले की आपले काम संपते, समुद्रात ठोकळा टाकला की काम सुरू होते. त्याच्यावर जीव धरेपर्यंत, आणि धरल्यावरही, कोणी तरी राखण करायला हवी. जो राखणीला उभा राहत नाही त्याने भरपाई केली असे म्हणू नये.

आपल्यापैकी पुष्कळ जण सुटीत मुलानातवंडांना घेऊन कोकण पाहायला जातात. पूर्वजांची गावे, दफनभूमी, सिनेगॉग दाखवितात. त्यांना विनंती अशी की एक दिवस मालवणच्या पाण्याला आणि एक दिवस आंबोलीच्या रानालाही द्यावा. पोवळ्यावर पाय टेकवू नये, होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला सांगावे, पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये. मुले विचारतील, "एवढ्याशा तुकड्याने काय होणार?" त्यांना हिरण्यकेशीच्या माशाची गोष्ट सांगावी. इतकी वर्षे तो लोकांच्या पायाशी होता आणि कोणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. तरी ते पाणी कोणी बुजविले नाही, म्हणूनच तो आज आहे.