साधी अक्षरं

वर्डमध्ये लिहिलेला मजकूर उचलायचा, मेलमध्ये चिकटवायचा आणि पाठवून मोकळं व्हायचं, अशी अनेकांची कामाची सकाळ सुरू होते. आपल्या पडद्यावर सगळं नीटनेटकं असतं. पलीकडे मात्र कधीकधी वेगळाच खेळ चालतो. वर्डने न विचारताच शब्दाच्या शेवटचं सरळ एकेरी अवतरणचिन्ह वाकवून ठेवलेलं असतं. ते यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइटांचं. वाचणाऱ्या प्रणालीने ते तीन सुटी अक्षरं समजून वाचलं, की त्या एका चिन्हाच्या जागी टोपी घातलेला रोमन 'ए', युरोचं चिन्ह आणि ट्रेडमार्कचं चिन्ह असे तिघे येऊन बसतात.

ईमेलचा मूळ पिंड साधेपणाचा. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मेल पोचवण्याचे नियम लिहिले, तेव्हा आस्कीतल्या १२८ संकेतांवरच सगळा कारभार होता. बाकीच्या लिप्यांना आणि चित्रांना रीतसर वाट मिळाली ती १९९२ मध्ये, 'माइम' आल्यावर.

म्हणून साधा मजकूर (प्लेन टेक्स्ट, रंग-फाँटविना नुसती अक्षरं) म्हणजे इंग्रजी, असं मात्र मुळीच नाही. 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव' फाँटमधला मजकूर आठवा: पडद्यावर देवनागरी, पोटात रोमनचे संकेत. समोरच्याकडे तो फाँट नसला, की सभेच्या सूचनेचा नुसता काला. युनिकोडने 'क'ला स्वतःचा क्रमांक दिला. फाँट बदलला तरी 'क' तो 'क'च राहतो. त्यामुळे युनिकोडमधली मराठी अस्सल प्लेन टेक्स्ट आहे.

लिनक्सच्या कर्नलवर काम करणारी मंडळी आपल्या सुधारणा साध्या मजकुराच्या मेलनेच पाठवतात. त्यात हट्ट कमी, गरज जास्त. मेलच्या प्रोग्रामने टॅबच्या जागी स्पेस घातली किंवा ओळ मध्येच मोडली, तर ती सुधारणा मूळ कोडवर बसतच नाही.

आपल्या मेलवर एवढं अवलंबून नसतं, हे खरं. पण काम तातडीचं आहे हे लाल ठळक अक्षरांत सांगावं लागतं, तेव्हा बहुतेक वेळा वाक्यच लेचंपेचं असतं.

तर आज एखादी मेल लिहिताना मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून चिकटवून पाहा. बहुतेक ठिकाणी रंग, फाँट, आकार सगळं गळून पडतं. वाकडी अवतरणचिन्हं तेवढी तशीच राहतात. ती वेगळी सरळ करावी लागतात.