खुणेमागे उभं कोण?

पाणी तापवायचा रॉड घ्यायला गेलो होतो. ‘आयएसआय आहे का?’ असं विचारल्यावर दुकानदाराने वेष्टन फिरवून दाखवलं आणि म्हणाला, ‘छापलंय ना!’ खुणेखाली परवान्याचा क्रमांक असायला हवा, तो नव्हता. तसं म्हटल्यावर उत्तर आलं, ‘लोक खूण विचारतात, नंबर कोणी विचारत नाही.’ या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते खरं आहे.

विजेच्या बाबतीत दोन जातींच्या खुणा असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक बजावते, दुसरी हमी देते. डीपीवरची कवटी आणि हाडं ही पहिल्या जातीची. १९५६च्या भारतीय वीज नियमांनी ही पाटी सक्तीची केली, तेव्हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत असावा, असंही सांगितलं. कवटी मात्र सगळ्यांसाठी एकच, म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही त्याचाही विचार कोणीतरी केला होता. मला ही पाटी फार आवडते. ती काही लपवत नाही, माणसाला सावध करून बाजूला होते. आयएसआयची खूण याच्या उलट काम करते. ती सांगते, तुम्ही काळजी करू नका, आम्ही केली आहे. बजावणारी खूण चुकली तर माणूस उगाच घाबरेल. हमीची खूण चुकली तर बादलीत हात घालणारी बाई जिवाला मुकेल. म्हणून विचारायला हवं, की ही काळजी नेमकी केली कोणी?

शिकागोतलं १८९३चं जागतिक प्रदर्शन म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात, ते सांगायला नको. पण त्याच प्रदर्शनात विल्यम हेन्री मेरिल नावाचा एक तरुण विद्युत अभियंता वेगळ्याच कामासाठी आला होता. एवढी वीज, एवढे दिवे, एवढ्या तारा एका जागी तोवर फारशा कोणी पाहिल्या नव्हत्या. आग लागण्याचा धोका किती, हे पाहायला बोस्टनच्या अग्निविमा कंपन्यांच्या मंडळाने त्याला पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याने शिकागोत विमा कंपन्यांच्या पैशांवर छोटी प्रयोगशाळा उघडली. १८९४च्या मार्चमध्ये तिथे पहिली चाचणी झाली, ती न जळणाऱ्या विद्युतरोधक पदार्थाची. आज जगभर दिसणाऱ्या ‘यूएल’ या खुणेचं हे मूळ. म्हणजे या खुणेमागे आधी उभी राहिली ती नुकसानीची भीती. इमारत जळली तर पैसे मोजायचे होते ते विमा कंपन्यांना.

जर्मनीत वाट वेगळी होती. १८९३मध्येच बर्लिनला विद्युत अभियंत्यांची संघटना, ‘व्हीडीई’, स्थापन झाली, दोन-तीन वर्षांत तिने सुरक्षेचे पहिले नियम केले आणि १९२०मध्ये स्वतःची चाचणी संस्था काढली. आपल्याकडे पुढाकार सरकारने घेतला. १९४७मध्ये भारतीय मानक संस्था, म्हणजेच ‘आयएसआय’, उभी राहिली आणि १९५२च्या कायद्याने तिच्या खुणेला बळ दिलं. १९८७पासून तेच काम भारतीय मानक ब्यूरो करतो. मला यातली आपली वाट सर्वांत चांगली वाटत असे. नफ्याशी संबंध नसलेली संस्था निःपक्षपाती असणार, असं माझं साधं गणित होतं.

छोटा कारखाना चालवणारे माझे एक स्नेही हे गणित मानत नाहीत. त्यांच्या मते खूण म्हणजे परवान्यांचा जाच. ब्रँड हीच हमी, माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही. यावर माझा त्यांच्याशी वाद कायमचा आहे. रॉडच्या तांब्याच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. नळीला बारीक चीर गेली की ती पूड ओल धरते आणि वीज पाण्यात उतरते. गिऱ्हाइकाने दुकानात रॉड हातात घेऊन हे कसं ओळखायचं? आणि ज्याला कळेल त्याला ते बादलीजवळ कळेल, तो परत न येण्याने बाजाराला कोणता धडा मिळणार?

युरोपच्या ‘सीई’ खुणेकडेही ते बोट दाखवतात. बहुतेक घरगुती विद्युत वस्तूंवर ती उत्पादक स्वतःच लावतो. तिथे चालतं, मग इथे का नको? पण ती खूण मुळात उत्पादकाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आहे आणि ते खोटं ठरलं तर त्याला गाठणारी तपासयंत्रणा तिथे बाजारात फिरते. आपल्याकडे चार्जरवर ती छापलेली दिसली की लोक परदेशी प्रशस्तिपत्र समजतात. ते मला धोक्याचं वाटतं.

पण त्यांचं एक बोलणं मला सोडवत नाही. ते म्हणाले, ‘तुमची खूण चुकली तर तुमच्या ब्यूरोचं काय जातं?’ उत्तर शोधायला बसलो तेव्हा माझं गणित चुकायला लागलं. जामीन राहणाऱ्याच्या सहीला वजन असतं ते त्याचं घर पणाला लागलेलं असतं म्हणून. शिकागोच्या विमा कंपन्या स्वार्थी होत्या आणि त्या स्वार्थामुळेच त्यांची तपासणी कडक झाली. २०१६च्या मानक ब्यूरो कायद्यात मानकाला न उतरणाऱ्या मालासाठी ग्राहकाला भरपाई आहे, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्हीकडे बोट उत्पादक आणि विक्रेत्याकडेच आहे. ज्याने ‘काळजी करू नका’ म्हटलं, तो त्यातून बाहेर आहे.

म्हणून आता मला वाटतं, की खऱ्या परवान्याच्या वस्तूने जीव गेला तर पहिली भरपाई खूण देणाऱ्या संस्थेनेच द्यावी आणि नंतर ती उत्पादकाकडून वसूल करावी. बनावट खुणेची जबाबदारी तिच्यावर टाकता येणार नाही. त्यासाठी ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर क्रमांक टाकून पाहण्याची सोय आहे आणि ती दुकानाच्या काउंटरवर सक्तीने वापरली जावी. स्नेही म्हणतील, अशाने संस्था घाबरून परवाने अडवून धरेल, लहान कारखानदार मरेल. त्यांची अडचण खरी आहे आणि परवान्याला लागणाऱ्या खर्चाचा काही वाटा सरकारने उचलावा, हेही मी मान्य करीन. पण पाण्यात बुडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत संस्था थोडी घाबरलेली असावी, अशीच माझी इच्छा आहे.