खरे सांगा, गाडी कशी निघाली?

नवी गाडी दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितीला पडली?’ पेढा तोंडात असतानाच तो विचारला जातो आणि मालकही शोरूमची किंमत, आरटीओ, विमा, मिळालेली सवलत असा सगळा हिशेब मोकळेपणाने सांगतो. त्याच गाडीने तीन पावसाळे काढले की ‘कशी निघाली?’ असे विचारून पाहा. ‘चांगली आहे’ एवढ्यावर उत्तर संपते. क्लचप्लेटला किती गेले, सेन्सरच्या एका तक्रारीसाठी किती वेळा शहर गाठावे लागले, ऐन लग्नाच्या दिवशी ती कुठे बंद पडली, हे घरातल्या घरात राहते. किंमत चारचौघांत सांगायची आणि अनुभव झाकून ठेवायचा, ही आपली रीत झाली आहे. पुढच्या माणसाला ती महाग पडते, म्हणून तिच्याविषयी बोलायला हवे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतली, पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेली गाडी आता १८ टक्क्यांत येते. आधी उपकर धरून २९ ते ३१ टक्के लागत होते. आज घरोघर ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या उंच, आटोपशीर गाड्या बहुतेक याच मापात बसतात. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते आणि अशा वेळी भाव उतरल्याची बातमी येते. साहजिकच मोबाइलवर गाड्यांची चित्रे फिरू लागतात.

रोहिणखेडसारख्या गावात गाडीची ओढ नुसती हौस म्हणून सोडून देता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. खानदेशातून वऱ्हाडात आणि पुढे घाट चढून दख्खनेत जायचे तर हा टापू टाळता येत नसे. म्हणून १४३७ मध्ये खानदेशचा नासिरखान आणि बहमनी सरदार खलफ हसन यांची लढाई इथे झाली आणि पुढे दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीसाठी लढणारा जमालखान इथेच पडला. वाटेचे महत्त्व या गावाला कुणी शिकवायला नको. आजही जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आणि रेल्वे खाली मलकापूरला. मोठे दुखणे निघाले तर अकोला, जळगाव नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तरी रात्री दोन वाजता एखाद्या बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या किंवा वावरात कुणाला साप चावला, की माणसे आधी ज्याच्या अंगणात चारचाकी आहे त्याच्या दाराची कडी वाजवतात. गाडीवाला झोपेतून उठतो, चावी घेतो आणि निघतो. पेट्रोलचे पैसे तो घेत नाही. ही गावाची रीत अजून शाबूत आहे आणि तिचे मोल फार मोठे आहे.

अशा गावात गाडी घेणारा माणूस एकट्यासाठी गाडी घेत नसतो. किंमत त्याच्या खिशातून जाते, पण भरवसा ठेवणारे कितीतरी असतात आणि गाडी निवडताना त्यांना कुणी विचारलेले नसते.

किंमतही हलकी समजू नये. ती कमी लेखणारे उपदेश मला पटत नाहीत. रस्त्यावर येईपर्यंत बारा लाखांना पडणारी गाडी धरा. दोन लाख रोख भरले आणि दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १६,००० रुपयांच्या आसपास बसतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे महिन्याला तीन क्विंटल आणि वर्षाला छत्तीस क्विंटल सोयाबीन नुसत्या हप्त्याला लागते. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा-सात क्विंटल पिकले असे धरले, तरी पाच-सहा एकरांचे सगळे पीक त्यात जाते. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचा खर्च अजून धरलेलाच नाही आणि बाजारात भाव हमीभावाच्या खाली असतो तेव्हा हा हिशेब आणखी बिघडतो. सात वर्षांत व्याजच साडेतीन लाख होते. शोरूममधला मुलगा हप्ता सांगतो, एकूण व्याज विचारल्याशिवाय सांगत नाही. मुलीच्या शिक्षणाचे पैसे, विहिरीचे खोदकाम, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन यांच्याशी हा हप्ता दर महिन्याला भांडणार असतो. तेव्हा स्वस्त गाडी शोधणाऱ्याला कुणी चिंगूस म्हणू नये. तो घरच्यांचाच विचार करत असतो.

प्रश्न असतो तो काटकसर कुठे करायची याचा. मला पुष्कळदा उलटे घडताना दिसते. काचेचे छत हवे म्हणून लाखभर जास्त मोजले जातात; मे महिन्यातल्या मलकापूरच्या उन्हात ते छत कुणी उघडत नाही. मोठा पडदा, रंगीत दिवे, पुढची चकाकणारी जाळी यांवर पैसा जातो आणि मग ‘बजेट संपले’ म्हणून वाढीव वॉरंटी नको, घसरण थांबवणारी यंत्रणा नको, मागच्या सीटच्या पट्ट्यांकडे लक्ष नको. भारत एनकॅपची टक्कर-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. कोणत्या गाडीला किती तारे मिळाले ते फोनवर पाहता येते आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. तरी रंग ठरवायला जितका वेळ दिला जातो तितका याला मिळत नाही. महागड्या गाडीचाही इथे भरवसा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मर्सिडीजमध्ये. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

टकरीत जीव वाचणे वेगळे आणि गाडी रोज विनातक्रार चालू होणे वेगळे. या दुसऱ्या भरवशाबद्दल तारे काही सांगत नाहीत. ते कळते गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या शेडमध्ये.

या भागातल्या अशाच एका शेडमध्ये तीन वर्षांची डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. मालक वैतागलेला, शेडच्या खांबाला टेकून फोनवर कंपनीच्या नावाने बोलत होता. मिस्त्रीने हात फडक्याला पुसले आणि हळू आवाजात सांगितले, ‘‘गाडी खराब नाई भाऊ. तिले रोज पन्नास किलोमीटर पयाले पाहिजे अन् हे तिले घरून वावरात अन् वावरातून घरी नेते.’’ त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती काजळी जाळून टाकायला गाडी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत धुराडे पुरते तापत नाही, गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि शेवटी मोठा खर्च निघतो. हे गिऱ्हाइकाला विकत घेण्याआधी सांगायला हवे होते. ‘रोज किती चालणार, कुठे चालणार?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नसणार. मिस्त्रीने जाता जाता आणखी एक वाक्य टाकले, ‘‘गाडी घ्याले पैसा लागते, चालवाले मिस्त्री लागते.’’

क्रॉसओव्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच लागू पडते. आपल्या भागाला सवय आहे ती कमांडर, सुमो, बोलेरो यांची. त्यांची चासी वेगळी आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. खताच्या गोण्या टाका, वऱ्हाड कोंबा, त्या कुरकुरत का होईना पण जातात. नव्या क्रॉसओव्हरमध्ये चासी आणि बॉडी एकच असते. मोटारीचाच सांगाडा उंच केलेला. ती मऊ चालते, तेल कमी पिते, घरच्या पाच माणसांना सुखाने नेते. पण तिला जीप समजून वापरले तर दोष गाडीचा नव्हे. सोयाबीनची पोती वाहायची असतील, तर दिसायला जुनाट वाटणारी गाडीच त्या घरासाठी भरवशाची ठरते. शेजारच्याने कोणती घेतली याने हा निकाल लागू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भरवसा मोजायचा कसा? जाहिरात सांगणार नाही, विकणारा सांगणार नाही. तो फक्त आधी घेतलेल्यांना माहीत असतो आणि ते गप्प असतात. का? कारण गाडीत प्रतिष्ठा गुंतलेली असते. आपली निवड चुकली असे म्हणणे म्हणजे कमीपणा वाटतो. शिवाय पुढे ती विकायची असते, मग दोष गावभर का करायचे? हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण त्याचा परिणाम पाहा. ज्याच्याकडे पैसा आहे तो अशी गाडी काढून दुसरी घेतो. फटका बसतो तो शेत गहाण टाकून पहिलीच गाडी घेणाऱ्याला. तो भोवतालच्या दहा माणसांच्या ‘चांगली आहे’वर विश्वास ठेवून सही करतो.

या संदर्भात कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाला जवळची वाटेल अशी एक हकिकत आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या कारागिराने १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग सिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे की ताण्यातला एक धागा तुटला की माग आपोआप थांबे. आधीचे माग धागा तुटल्यावरही चालत राहत आणि वारच्या वार कापड सदोष निघे. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. बिघाड दिसताच थांबायचे, तो झाकून पुढे जायचे नाही, ही मागाची शिकवण त्यांनी मोटारीच्या कारखान्यात नेली. टोयोटाच्या टिकाऊपणाचा जगभर जो बोलबाला झाला त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. त्याच कंपनीला २००९-१० मध्ये पेडल आणि पायपुसण्यांच्या दोषापायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागावी लागली. तिथेही धागा तुटलेला वेळेवर दिसला नव्हता.

याच्या उलट टोक म्हणजे एअरबॅग बनवणारी टकाटा कंपनी. एअरबॅग फुगवण्यासाठी तिने अमोनियम नायट्रेट हे स्वस्त रसायन वापरले. दमट हवेत काही वर्षांनी ते बिघडे आणि जीव वाचवणारी पिशवी धातूचे तुकडे उडवी. माणसे मेली, जगभरातून कोट्यवधी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्वस्त माल वापरणे हा एक दोष. चाचण्यांचे आकडे बदलून वर्षानुवर्षे गप्प बसणे हा त्याहून मोठा.

आपल्याकडे गाड्या परत बोलावण्याचा कायदा आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आले आणि दोष आढळल्यास उत्पादकाला गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण त्या कलमाला जाग यायची तर तक्रारी नोंदल्या जायला हव्यात. सर्व्हिस सेंटरला गेल्यावर ‘जॉबकार्डवर लिहा’ असे आग्रहाने सांगणारा ग्राहक स्वतःपुरते बोलत नसतो. तोंडी तक्रार हवेत जाते, कागदावरची राहते.

जुनी गाडी विकताना तर हे फारच टोकाचे होते. मीटर मागे फिरवलेले, टकरीत वाकलेली चासी ठोकून रंगवलेली, पुरात बसलेली गाडी धुऊन उभी केलेली. नव्या एसयूव्हीसाठी जास्त किंमत यावी म्हणून जुनीचे दोष लपवले जातात. तो व्यवहार आपण हुशारीत जमा करतो. पण ती गाडी घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो आणि तीच गाडी रात्री दोन वाजता कुणाच्या तरी दारातून निघणार असते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ माणसे गेली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मला राहून राहून एकच आठवते : तिकीट काढून बसलेल्यांपैकी कुणालाही टायर बघण्याची, चालकाला विचारण्याची, खिडकी फुटते का हे पाहण्याची सोय नव्हती. ते विश्वासावर झोपले होते. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणारी शेजारची म्हातारीही अशीच विश्वासाने बसते.

म्हणून माझे मत असे, की पैसे कमी असतील तर गाडी लहान घ्यावी, छत साधे घ्यावे, पडदा छोटा घ्यावा, बाजारात पहिल्याच वर्षी आलेल्या मॉडेलसाठी थोडे थांबावे. ज्याचे इंजिन तालुक्याच्या मिस्त्रीने उघडून पाहिलेले आहे, ज्याचे पार्ट मलकापूर-खामगावात मिळतात, त्याला झुकते माप द्यावे. ब्रेक, टायर, पट्टे आणि सर्व्हिसिंग यांत मात्र कपात करू नये. एवढ्यानेही हिशेब बसत नसेल, तर या वर्षी गाडी घेऊ नये आणि त्यात कमीपणा मानू नये.

ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर कुणीतरी येईल, चहा घेईल आणि सहज विचारल्यासारखे विचारेल, ‘भाऊ, हीच घेऊ का?’ सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल कपाटात असते. ती काढून त्याच्या हातात द्या. कोणत्या वर्षी काय बदलले, किती गेले, कंपनीने काय भरून दिले आणि काय नाही, सगळे त्याला वाचू द्या. एकदा चावी फिरवून तो घाटापर्यंत जाऊन येऊ इच्छित असेल, तर तीही द्या.