शिरस्त्राणातलं पाणी

अलेक्झांडरची एक गोष्ट मला कॉलेजपासून फार आवडायची. साल इ.स.पू. ३२५. आदल्या वर्षी बियासच्या काठी सैन्याने पुढे यायला नकार दिला होता. आता तो मकरानच्या वाळवंटातून परत निघालाय. तहानेने सगळ्यांचा जीव कासावीस झालाय. तोही पायीच चालतोय. काही सैनिकांना एका घळीत थोडंसं पाणी सापडतं. ते शिरस्त्राणात भरून त्याच्यासाठी आणतात. तो आभार मानतो आणि सगळ्यांदेखत पाणी ओतून देतो. सुमारे साडेचारशे वर्षांनी एरियन हा इतिहासकार लिहितो, की सैन्याला इतका धीर आला, जणू ते पाणी प्रत्येकाने प्यायलं होतं.

नेता असावा तर असा, असं वाटायचं.

गेल्या वर्षी मी टीम लीड झालो. क्लायंटने रिलीजची तारीख मागितली, मी कॉलवरच ‘हो’ म्हटलं. दोन आठवडे कमी पडणार हे मला माहीत होतं. पण ‘हा करून दाखवतो’ असं नाव हवं होतं. मग शेवटचे नऊ दिवस सगळे रात्री दोन-दोनपर्यंत जागलो. मीही जागलो, जेवण माझ्या खिशातून मागवलं. ‘दादा, तूपण थांबलास,’ असं पोरं म्हणाली तेव्हा भारी वाटलं. नंतर कळलं, टीममधल्या एकीच्या बहिणीचा त्याच आठवड्यात साखरपुडा होता. मी विचारलं, सुट्टी का नाही मागितलीस? म्हणाली, ‘तू स्वतः बसलेला असताना कशी मागणार?’

त्या रात्री एरियन पुन्हा वाचला. या वेळी पाण्याच्या प्रसंगाच्या आधीची पानं. अलेक्झांडरने हत्ती आणि सैन्याचा एक भाग क्रेटेरसबरोबर दुसऱ्या, सोप्या वाटेने पाठवला होता. म्हणजे वाट होती. किनाऱ्याने येणाऱ्या आरमाराला रसद पुरवायची होती, हे एक कारण. दुसरं कारण त्याचाच आरमारप्रमुख निआर्कस सांगतो: सेमिरामिस आणि सायरस यांच्या फौजा या वाळवंटात संपल्या, असं अलेक्झांडरने ऐकलं होतं. त्याला त्यांच्यावर मात करायची होती. एका रात्री ओढ्याला अचानक पूर आला आणि सैन्याबरोबरच्या बायका-मुलांपैकी बहुतेक वाहून गेली. त्यांनी कुठलीच वाट निवडली नव्हती.

पाणी ओतणं नाटक होतं, असं मी म्हणत नाही. तो ते प्यायला असता तर जास्त वाईट झालं असतं. पण सोबत सोसल्याने निर्णयाची जबाबदारी फिटत नाही. उलट, नेता सोबत सोसतो तेव्हा ‘आपण इथे आलोच का?’ हे विचारणं अवघड होऊन बसतं. विचारणारा कृतघ्न वाटतो. माझ्या टीममध्ये तेच झालं, आणि मला त्याचं कौतुकही मिळालं.

मागच्या महिन्यात क्लायंटने पुन्हा तारीख मागितली. ‘टीमशी बोलून उद्या सांगतो,’ म्हणालो. माझ्या मॅनेजरला ते आवडलं नाही. टीमने तीन आठवडे जास्त मागितले, मी तेवढेच कळवले. या वेळी कुणी जागलं नाही, आणि कुणी कौतुकही केलं नाही. ते थोडं लागलं, खोटं कशाला बोलू?