मागणे आणि सांगणे

मलकापूर म्हटले की अर्ध्या लोकांना बुलढाणा जिल्ह्यातले रेल्वेस्टेशन आठवते आणि उरलेल्यांना शाहूवाडीकडचे मलकापूर. मी राहतो ते तिसरे. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना कऱ्हाड मागे पडले न पडले तोच महामार्गाच्या दोन्ही अंगांना जे गाव पसरलेले दिसते, ते आमचे. पाठीशी आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या कातळात बौद्ध भिक्षूंनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या कोठड्या आहेत. आणि डोंगराच्या अलीकडे, आमच्या काळाची लेणी म्हणावीत अशा, रुग्णालयाच्या मोठमोठ्या इमारती. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून, कोयनेच्या खोऱ्यातून माणसे इथे येतात ती बहुधा आजारी म्हणून, नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी बसायला म्हणून. अशा या गावात एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक आहे.

पाळक म्हणजे काय, हे काही वाचकांना ठाऊक नसेल. रविवारी उपासना चालवायची, लग्ने लावायची, लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा, गेलेल्याला माती द्यायची, आणि उरलेले सहा दिवस लोकांच्या घरी जाऊन चहा प्यायचा. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. कारण चहाच्या प्रत्येक कपाबरोबर एकेक मागणे येते. "साहेब, पोराच्या बारावीसाठी प्रार्थना करा." "साहेब, जावयाच्या बदलीसाठी जरा मनापासून मागा." वरच्या कचेरीत माझी चांगली ओळख आहे आणि मी आळसाने कागद पुढे ढकलत नाही, असाच एकूण सूर असतो.

एका आश्विनात तर मोठाच पेच पडला. उपासनेच्या वेळी एक भाऊ उठले आणि म्हणाले, सोयाबीन कापून रानात पडले आहे, आठ दिवस पाऊस येऊ नये म्हणून प्रार्थना करा. ते बसतात न बसतात तोच त्याच बाकावरून दुसरे उठले. त्यांना शाळू पेरायचा होता आणि जमिनीत ओल नव्हती. आता देवाने करावे काय, आणि पाळकाने सांगावे काय? अशा प्रसंगांसाठी मी एक वाक्य पाठ करून ठेवले होते. "प्रभो, तुला सर्व ठाऊक आहे, तुझ्या मर्जीस येईल तसे कर." या वाक्यात पाऊसही बसतो आणि ऊनही बसते, पास होणेही बसते आणि नापास होणेही. कोणी येऊन जाब विचारील अशी त्यात फटच नाही. कितीतरी वर्षे मी या वाक्याला माझी नम्रता समजत आलो.

हा माझा समज मोडला तो यंदाच्या पावसाळ्यात.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी आहेत. वय सदुसष्ट-अडुसष्ट. त्यांच्या यजमानांना रुग्णालयात ठेवले होते. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाजूला नेले आणि समजुतीने सांगितले की, आता औषधाने फारसे काही होण्यासारखे नाही, दिवस मोजकेच आहेत. त्यांनी मावशींनाही हे सांगितले होते, पण त्या नुसते ऐकून घेत होत्या. मी आत आलो. खिडकीतून आगाशिव दिसत होता, पावसाने हिरवागार झालेला. मावशी म्हणाल्या, "साहेब, प्रार्थना करा." मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. प्रार्थना चांगली झाली, असे मला त्या वेळी वाटले. आयुष्याबद्दल आभार मानले, डॉक्टरांचे कष्ट सांगितले, आजाराचे स्वरूप सांगितले, सर्वांना धीर मिळो असे म्हटले, आणि शेवटी ते माझे पाठ असलेले वाक्य.

मावशींनी पदराने तोंड पुसले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमी मागितलंच न्हाई."

"मागितलं की, मावशी. सगळं त्याच्या हाती दिलं."

"दिलंसा. पर 'ह्यास्नी बरं कर' असं एकदाबी म्हणाला न्हाईसा."

मी चाचरत काहीतरी बोलू लागलो. डॉक्टरांचे म्हणणे, मनाची तयारी, असेच काहीतरी. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"डॉक्टर काय म्हणलं ते तुमाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय. भुकंपाच्या साली आमी कोयनंच्या खोऱ्यात हुतो. म्या आठ-नऊ वर्साची असंन. पहाटं घर बसलं. आजी आत ऱ्हायली. लई हाका मारल्या, पर ओ न्हाई. समदी म्हणली, म्हातारी गेली. पर माझा बा दुपारपातूर हातानं दगूड उपसत हुता. आजी घावली ती गेलेलीच. पर तवा कोन बाला म्हणलं न्हाई, का रं खोटंखोटं उपसतुयास म्हणून."

एवढे बोलून त्या यजमानांच्या पायावरची चादर सारखी करू लागल्या. मी चपला घालून बाहेर पडलो.

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे गेली, हजारो घरे पडली. त्या दिवशी असे किती बाप दगड उपसत असतील! त्यांच्यापैकी एकानेही आधी बसून शक्यतेचा हिशेब मांडला नसेल. मी मात्र तोच मांडून देवापुढे उभा राहिलो होतो.

त्या रात्री ओट्यावर बसून मी स्वतःला विचारले, की मी मागितले का नाही? पहिले उत्तर भारदस्त आले. मला मावशींच्या मनात खोटी आशा निर्माण करायची नव्हती. पण मावशींच्या मनात खोटी आशा नव्हतीच, हे आता उघड झाले होते. मग दुसरे उत्तर आले. मागितले आणि झाले नाही, तर देवाची अब्रू जाईल. पण देवाला आपली अब्रू सांभाळायला माझ्यासारखा कारकून कशाला लागतो? तेव्हा तिसरे उत्तर येण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते खरे होते. मी माझी अब्रू सांभाळत होतो. मंडळीत कोणी म्हणू नये, की पाळकसाहेबांनी मागितले आणि मिळाले नाही. ज्या वाक्याला मी नम्रता म्हणत होतो, ती माझी छत्री होती.

वाचक म्हणतील, पण जे होणार नाही असे आपल्याला वाटते, ते मागणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे काय? हा प्रश्न मला फार दिवस छळत आला आहे. सकाळी आई कामाला निघते तेव्हा लहान मूल तिच्या पदराला धरून म्हणते, "जाऊ नको." आई जाणार हे त्याला रोजच्या अनुभवाने पक्के ठाऊक असते. तरी ते म्हणते. ते मूल खोटे बोलते काय? ते आईला पुढे काय होणार याचे भाकीत सांगत नसते. आई आपली कोण आहे, हे सांगत असते. ज्या दिवशी ते मूल अगदी समंजसपणे "तुला योग्य वाटेल तसे कर" म्हणेल, त्या दिवशी आईचे पाऊल उंबऱ्यातच अडखळेल.

आणि ज्याच्या नावाने मी उपासना चालवतो त्याने तरी काय केले? धरले जाण्यापूर्वी गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला आपल्यापुढून टळावा, असे तीनदा मागितले. तो टळणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्याने सर्व काही पित्याच्या इच्छेवर सोपवले खरे, पण आधी मागितले. मी वर्षानुवर्षे या प्रसंगावर बोलत आलो आणि त्यातला पहिला अर्धा भाग सोयीस्करपणे गाळत आलो. मागितल्यावाचून सोडून देणे याला समर्पण म्हणत नाहीत. हातात धरलेच नाही ते सोडणार काय?

आपल्या मराठी मुलखात तर मागण्याचा असा संकोच कधीच नव्हता. तुकोबा पांडुरंगाशी भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते बोलले, आणि त्यामुळे त्यांची भक्ती उणी झाली असे कोणाला वाटले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते आमच्या साताऱ्यात आले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले. दरबार त्यांच्या मनात होता तसा उभा राहिला नाही. पण तो शब्द मला त्या रात्री फार आठवला. दरबारात माणूस अर्ज घेऊन जातो. निकाल काय लागेल या धास्तीने कोरा कागद पुढे करणारा अर्जदार कोणी पाहिला आहे काय?

मात्र याची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मोठ्याने मागणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती देवाकडे मागून थांबत नाहीत. रोग्याला वचन देतात. विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा, बरे झालातच म्हणून समजा. आणि बरे वाटले नाही, की दोष रोग्याच्या पदरात. लेकरू गेल्यावर "माझाच विश्वास कमी पडला" म्हणून रडणारी आई मी पाहिली आहे. मूल जाण्याचे दुःख तिला पुरेसे नव्हते काय, की त्यावर हे ओझे घालावे? मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पुढे वैद्यकीय शाळाही काढली. मिशनच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची रीत होती. पण प्रार्थना झाली म्हणून कोणी हत्यारे उकळायची ठेवली नाहीत, आणि हत्यारे उकळली म्हणून कोणी प्रार्थना सोडली नाही.

मला वाटते, आपली चूक एवढीच होते, की आपण दोन कामांची अदलाबदल करतो. देवाकडे मागायचे आणि माणसाला खरे सांगायचे. मी नेमके उलट करत होतो. देवाला रोगाचे स्वरूप सांगत होतो, जणू त्याला रिपोर्ट वाचता येत नाहीत. आणि माणसाकडे मागत होतो, की कृपा करून मला अडचणीचे काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. आधी मावशींना बाहेरच्या बाकावर बसवले आणि सरळ सांगितले, "मावशी, दिवस थोडे आहेत. मुंबईच्या लेकाला आजच बोलावून घ्या." त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्याच हातात दिला, नंबर मी लावला. मग आम्ही आत गेलो आणि मी प्रार्थना केली. या वेळी ती चांगली झाली नाही. आवाज फुटला, वाक्ये अर्धी राहिली. पण मी मागितले. याला बरे कर, याला घरी जाऊ दे, याला दिवाळी बघू दे, असे स्पष्ट शब्दांत मागितले. डोळे उघडले तो शेजारच्या खाटेजवळचे गृहस्थ हात जोडून उभे. पाटणकडचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा भाऊ पाय मोडून पडला होता. म्हणाले, "म्हाराज, आमच्यासाठीबी मागा की." मी त्याही खाटेजवळ गेलो. त्यांनी मनाशी विठ्ठलाचे नाव घेतले असेल. मी ख्रिस्ताचे घेतले. मागणे एकच होते.

लेक रात्रीच्या गाडीने आला. मावशींचे यजमान त्यानंतर नवव्या दिवशी गेले, लेकाच्या हातात हात देऊन. शेजारच्या खाटेवरचा भाऊ काठी टेकत घरी गेला. याचा हिशेब मला कोणी विचारू नये. तो मला येत नाही, आणि आता येत असल्याचा आवही मी आणत नाही.

दफनविधी आटोपून परतताना मी कऱ्हाडच्या घाटावर थोडा वेळ बसलो. तिथे कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन मिळतात. आपल्याला वाटावे, आता एक दुसरीला मागे रेटणार. पण तसे होत नाही. दोघी मिळून वळतात आणि पूर्वेकडे एकच पात्र होऊन जातात. डॉक्टरांचे शब्द आणि मावशींचे मागणे हीही मला अशीच एकमेकांवर चालून आलेली वाटली होती. एकाला खरे मानायचे तर दुसऱ्याला थोपवले पाहिजे, असा माझा समज होता. मावशींनी दोन्हींना वाट दिली. त्यांनी लेकालाही बोलावले आणि देवाकडेही मागितले.

गेल्या रविवारी उपासनेत मी नेहमीप्रमाणे विचारले, "कोणाचे काही मागणे?" मावशींनी हात वर केला. मला वाटले, आता त्या स्वतःसाठी काही मागतील. म्हणाल्या, "त्या पाटणच्या पावण्याचा पाय अजून दुखतुया म्हणं. त्याच्यासाठी मागा." पाठोपाठ सोयाबीनवाले उठले, आणि त्यांच्याच बाकावरून शाळूवाले. सगळी मंडळी माझ्याकडे पाहू लागली. मी छत्री उघडली नाही. एका भावासाठी ऊन मागितले, दुसऱ्यासाठी पाऊस मागितला, दोघांची नावे घेऊन, एकापुढे एक, आणि पाटणच्या पायासाठीही मागितले. मागच्या बाकावर पोरे खुदकन हसली. आमेन म्हणताना मलाही हसू आवरले नाही.

बाहेर आल्यावर पाहिले, तर दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून घरी निघाले होते, आणि आगाशिवावर ढग आले होते.