उत्तेजनाचें ऋण

लेखन हें एकट्यानें करावयाचें काम आहे, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. विहीर खणावयास चौघे लागतात, नाटक करावयास दहा लागतात. पण ग्रंथ लिहावयास एक मनुष्य, एक दिवा आणि दार लोटलेली खोली एवढें पुरतें. असें असतां लेखक लोक एकमेकांस भेटण्यासाठीं इतकी पायपीट कां करतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १८७८ सालीं लोकहितवादी व न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास पहिलें ग्रंथकार संमेलन भरलें. त्या परंपरेंतील ९८ वें अधिवेशन २०२५ सालीं दिल्लीस झालें. रजा काढून, गाडीचीं तिकिटें मिळवून, परगांवीं मिळेल तेथें पथारी टाकून माणसें अशा ठिकाणीं जातात. त्यांस कारण विचारलें तर पुष्कळजण सांगतात कीं, परत आल्यावर चार ओळी लिहाव्याशा वाटतात, म्हणून आम्ही जातों. हें उत्तर प्रामाणिक आहे. तथापि लिहिण्यासाठीं दुसऱ्याच्या उत्तेजनाची अपेक्षा करणें आणि तें दुसऱ्यास देणें या दोन्ही गोष्टी नीतीच्या दृष्टीनें कितपत योग्य आहेत, याचा विचार व्हावा तितका झालेला दिसत नाहीं.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें कांहीं हलकें नाहीं. ज्यास सांगण्यासारखें कांहीं आहे, त्यानें तें कोणी पाठ थोपटो वा न थोपटो, सांगितलेंच पाहिजे. आणि ज्यास सांगण्यासारखें कांहीं नाहीं, त्याची पाठ थोपटून त्यास लिहावयास लावणें हा वाचकांवर अन्याय आहे. म्हणजे पहिल्यास उत्तेजन नको आणि दुसऱ्यास तें देऊं नये, असा निकाल झाला. शिवाय लेखकांच्या बैठकींत गौरवाची जी देवघेव चालते ती पाहून, उंटाच्या लग्नांत गाणाऱ्या गाढवांचें सुभाषित कोणास आठवणार नाहीं? एकानें दुसऱ्याच्या रूपाची वाखाणणी करावी, दुसऱ्यानें पहिल्याच्या गळ्याची करावी, आणि दोघांनींही तृप्त होऊन घरीं जावें! हे आक्षेप हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. त्यांतील खरेपणा मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतील एक हकीकत येथें उपयोगीं पडेल. विल्यम हॅझलिट हा पुढें मोठा निबंधकार म्हणून गाजला. परंतु १७९८ च्या जानेवारींत तो एका लहानशा गांवांतील धर्मोपदेशकाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. विचार मनांत दाटत, पण ते शब्दांत येत नसत. कवि कोलरिज श्रूजबरीस प्रवचन करणार असें कळल्यावरून तो उजाडण्यापूर्वीं उठला आणि चिखल तुडवीत दहा मैल चालून गेला. पुढें थोडक्याच दिवसांत कोलरिज त्याच्या वडिलांच्या घरीं पाहुणा आला. परततांना हा मुलगा त्यास सहा मैलांपर्यंत पोंचवावयास गेला. कोलरिजनें त्यास आपल्या गांवीं येण्याचें निमंत्रण दिलें. त्याप्रमाणें वसंतऋतूंत तो पायीं तिकडे गेला व तीन आठवडे राहिला. तेथेंच त्यास वर्डस्वर्थ भेटला.

त्या सहा मैलांच्या वाटेवर हॅझलिटनें आपल्या मनांतील एक तात्त्विक विचार कोलरिजला सांगण्याची खटपट केली. मनुष्याचें मन मूळचेंच स्वार्थी नाहीं, असें त्यास सिद्ध करावयाचें होतें. तें त्यास नीट सांगतां आलें नाहीं. नंतर नव्या लेखण्या व नवा कागद घेऊन तो पुन्हां लिहावयास बसला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अडला, आणि त्या अर्धवट कागदावर त्यानें आंसवें गाळलीं. तो ग्रंथ १८०५ सालीं, म्हणजे सात वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. या भेटींचा वृत्तांत त्यानें १८२३ सालीं लिहिला, तेव्हां राजकीय मतभेदांमुळें तो कोलरिजचा कडवा टीकाकार झालेला होता. तरीसुद्धां, आपली बुद्धि मुकी राहिली नाहीं व तिला भाषा सांपडली, हें कोलरिजचे उपकार होत, असें त्यानें मोकळ्या मनानें नमूद करून ठेविलें.

या मुलाचें कोलरिजनें काय कौतुक केलें असेल? कौतुक करण्यासारखें त्यानें अजून कांहींच लिहिलें नव्हतें. त्यास मिळालें तें इतकेंच कीं, एका मोठ्या मनुष्यानें त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें भाषण केलें, त्याचें अडखळतें बोलणें ऐकून घेतलें, आणि पुन्हां ये म्हणून सांगितलें. त्यानें श्रम कमी झाले नाहींत. उलट सात वर्षांचे श्रम अंगावर पडले. स्तुति आणि उत्तेजन यांत आम्ही जो भेद करूं इच्छितों तो येथें दिसतो. स्तुति ही झालेल्या कामाची मजुरी आहे. ती हातीं पडली म्हणजे हिशेब मिटतो आणि मनुष्य स्वस्थ झोंपीं जातो. उत्तेजन ही व्हावयाच्या कामावर घेतलेली उचल आहे. ती पदरांत पडली म्हणजे स्वस्थता जाते. आणि वर जो निकाल सांगितला त्यांतील चूकही येथेंच आहे. सांगण्यासारखें आपल्याजवळ कांहीं आहे कीं नाहीं, हें मनुष्यास पुष्कळदां ठाऊकच नसतें. ऐकणारा मिळाला म्हणजे तें कळूं लागतें.

आतां उत्तेजन म्हणजे गोड बोलणेंच असें कोणी समजूं नये. आमच्या संतचरित्रांत एक प्रसिद्ध कथा आहे. गोरोबा कुंभारांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें तेथील थापटणें पाहून, हें काय, असें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें पाहण्याचें साधन, असें उत्तर मिळतांच ती म्हणाली, मग आम्हां मडक्यांचीही परीक्षा करा. गोरोबांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारलें. सारे शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि तें मडकें कच्चें ठरलें. नामदेव कष्टी होऊन पंढरीस परतले. परंतु विठ्ठलानेंही तोच निर्णय दिला व त्यांस विसोबा खेचरांकडे धाडलें. कथेची ऐतिहासिक सत्यता कशीही असो, तिच्यांतील मर्म विचार करण्यासारखें आहे. समानधर्मीयांच्या मेळ्यास जाऊन नामदेवांस जें मिळालें तें कानांस कडू होतें. पण त्यांच्या पुढील सर्व वाटचालीचा आरंभ तेथून झाला. शिवाय ज्यास मडकें मानलें त्याच्यावरच थापटणें मारावयाचें असतें. वाटेवरच्या धोंड्यास कोणी कच्चा म्हणत नाहीं. तुम्ही अजून कच्चे आहां, असें सांगणारानें तुम्हांस आपल्या पंक्तीस बसविलेलें असतें.

यजमानाचें कर्तव्य यावरून ठरतें. आमच्याकडेही वर्षांतून दोनचार तरुण माणसें आपलें लिखाण घेऊन येतात. कोणाजवळ वही असते, कोणी हल्लीं फोनच्या पडद्यावर कविता दाखवितो. कोणी रात्रभर एस. टी. च्या गाडींत बसून आलेला असतो. अशा वेळीं 'छान आहे, लिहीत रहा' हे शब्द जिभेवर तयारच असतात. ते बोलण्यास कष्ट पडत नाहींत आणि ऐकणाराही नमस्कार करून संतोषानें जातो. परंतु आमच्या मतें दार सभ्यपणें लावून घेण्याची ही एक रीत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील शाळेच्या शिक्षिका अशाच आल्या होत्या. त्यांच्या चाळीस कवितांत पाण्याच्या टँकरविषयीं एकच ओळ होती. या ओळीपुढें तुम्हांस काय म्हणावयाचें होतें, असें आम्हीं विचारलें. त्या अर्धा तास बोलत होत्या, आणि त्या बोलण्यांत इंद्रधनुष्य, चांदणें यांपैकीं कांहीं नव्हतें. हें आपण लिहिलें कां नाहीं, असें विचारतां त्या म्हणाल्या, 'हें कोणी वाचील असें वाटलें नाहीं.' उरलेल्या एकुणचाळीस कवितांविषयीं आम्हांस जें वाटलें तें आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. पण जातांना त्या त्या एका ओळीविषयींच बोलत होत्या.

येथपर्यंत जें सांगितलें तें ज्यांस प्रवास करतां येतो त्यांच्याविषयीं झालें. खरा अवघड प्रश्न पुढेंच आहे. १९०७ सालीं जळगांवास महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळासतरा वर्षांच्या मुलानें कविता म्हणून दाखविली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली. पुढें रेव्हरंड टिळकांनीं त्यास नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. पण मधल्या उण्यापुऱ्या अकरा वर्षांत त्यानें मराठीस काय दिलें हें सर्वश्रुत आहे. साहित्यिकांच्या मेळ्यांचें समर्थन करणारांनीं याहून चांगलें उदाहरण शोधण्याची जरुरी नाहीं.

परंतु मंडप ज्या गांवांत उभा राहिला त्याच गांवांत त्या वेळीं सव्वीससत्तावीस वर्षांची एक शेतकरी स्त्री संसार करीत होती. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. दळतां-कांडतांना आणि शेतांत राबतांना रचलेलीं तिचीं गाणीं जीं हातीं लागलीं तीं तिच्या घरच्या मंडळींनीं उतरून ठेविलीं. १९५१ च्या डिसेंबरांत ती वारली. मग तिचे चिरंजीव सोपानदेव यांनीं तीं आचार्य अत्र्यांस दाखविलीं, आणि १९५२ सालीं बहिणाबाई चौधरी हें नांव महाराष्ट्रास कळलें. उत्तेजनावांचूनही कवित्व होतें, याचें उदाहरण म्हणून एकांताचे कैवारी तिच्याकडे बोट दाखवितील. आम्हांस त्यांत निराळें कांहीं दिसतें. तिचें किती हरवलें याचा हिशेब कोणीच देऊं शकणार नाहीं. धरणगांवचा मुलगा जळगांवास आला. जळगांवचा मंडप जळगांवांतल्याच एका उंबऱ्यापर्यंत गेला नाहीं. त्या काळच्या मंडळींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांस ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. आणि मार्ग नसणें हीच येथें विचार करण्याची गोष्ट आहे.

जोतीराव फुले यांस १८८५ च्या ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण गेलें होतें. ज्यांस सर्व मनुष्यांचे हक्क मनापासून मान्य नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, अशा आशयाचें पत्र पाठवून त्यांनीं तें नाकारलें. तें पत्र वाचून अजूनही कांहींजणांस राग येतो. आम्हांस मात्र वाटतें कीं, उत्तेजन हें ज्यांस अगोदरच गाडीभाडें, रजा आणि ओळख लाभलेली आहे त्यांनींच आपसांत वांटून घेण्याचें वाण होऊं नये, हा इशारा त्यांत आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथ्यावर तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांतील ऋषिऋण ऋषींस कांहीं देऊन फिटत नाहीं. स्वतः अध्ययन करावें आणि तें पुढें चालवावें, तेव्हां तें फिटतें. उत्तेजनाचें ऋण याच जातीचें आहे. संमेलनाहून किंवा एखाद्या वडील लेखकाच्या घरून उत्साह घेऊन आलेल्यानें प्रथम लिहिलें पाहिजे. हा त्या ऋणाचा पहिला हप्ता. दुसरा हप्ता अधिक जड आहे, कारण तो पायांनीं फेडावयाचा आहे. ज्या घरीं कोणी पाहुणा म्हणून जात नाहीं, जेथें बोलणारास आपलें बोलणें लिहिण्याजोगें वाटत नाहीं, तेथें आपण होऊन जाणें, बसणें आणि ऐकणें हा तो हप्ता होय. हॅझलिट दहा मैल चालला याचें कौतुक आपण सव्वादोनशें वर्षें करीत आलों. पण ज्यांची पुस्तकें निघालीं, ज्यांस हार मिळाले, त्यांपैकीं उलट दिशेनें दहा मैल चालणारे किती, हा प्रश्न पुढील अधिवेशनास निघतांना आपल्यापैकीं प्रत्येकानें मनाशीं विचारावा.