समतेचा भार कोणाच्या माथी?

१४ नोव्हेंबर १९६० रोजी सकाळी, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात, विल्यम फ्रान्ट्झ नावाच्या प्राथमिक शाळेसमोर केंद्र सरकारच्या मार्शलांच्या बंदोबस्तात एक मोटार येऊन थांबली, आणि तीतून रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी आपल्या आईसह उतरली. ओरडणारा, हातवारे करणारा जमाव पाहून तिला प्रथम वाटले की मार्दी ग्रा हा त्या शहराचा वार्षिक उत्सव, गोव्यातील कार्निव्हलच्याच कुळीचा, आज भरला असावा. हा समुदाय आपल्याला अडविण्यासाठी लोटला आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असावे अशी अपेक्षा तेवढ्याशा मुलीकडून करणेही गैर. परंतु ज्यांना सर्व काही ठाऊक होते अशा वडीलधाऱ्यांनीच तिला त्या पायऱ्या चढावयास लावल्या. आणि म्हणून त्या घटनेतून धर्मजिज्ञासेचा एक प्रश्न उभा राहतो, जो कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही: पित्यांनी पिढ्यान् पिढ्या केलेल्या अन्यायाचे परिमार्जन बालकांच्या हातून करून घेणे धर्म्य आहे काय?

हकीकत थोडक्यात अशी. वर्णावरून निरनिराळ्या सरकारी शाळा चालविणे घटनाबाह्य आहे, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला होता. रुबीचा जन्म त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. म्हणजे तिच्या हक्काचा दस्तऐवज तिच्याहून काही महिन्यांनी वडील होता. लुइझियानाच्या कारभाऱ्यांनी नवनवे कायदे आणि हरकती पुढे करून त्याची अंमलबजावणी सहा वर्षे लांबविली, आणि अखेर न्यायाधीश स्केली राइट यांच्या हुकुमाने तजवीज ठरली ती अशी, की प्रथम केवळ पहिली इयत्ता खुली करावी आणि मग दरसाल एकेक इयत्ता पुढे सरकावे. परीक्षा घेऊन निवडलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी तीन मुली मॅकडोनो क्रमांक १९ या शाळेत गेल्या. रुबी एकटी फ्रान्ट्झ शाळेत. ज्यांनी तो भेद निर्मिला, पोसला आणि ज्यांना त्याचा लाभ झाला, त्या आमदारांना, वकिलांना वा दुकानदारांना या तजविजीत एकही पायरी चढावी लागणार नव्हती. बालमनात द्वेष अद्याप मुरलेला नसतो, तेव्हा आरंभ तेथूनच करावा, हे त्याचे समर्थन अगदीच निराधार नाही. पण ज्याला रोग नाही त्यालाच आधी काढा पाजावा, असा काहीसा हा प्रकार झाला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

नाझी अंमलातून निसटून अमेरिकेत आलेल्या ज्यू तत्त्वचिंतक हॅना आरेण्ट यांनी ही शंका रुबीच्याही आधी घेतली होती. १९५७ साली लिटल रॉक येथील हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लष्कराच्या पहाऱ्यात प्रवेश द्यावा लागला, त्यावर त्यांनी लिहिलेला लेख १९५९ साली ‘डिसेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याने पुष्कळ सज्जन दुखावले. जो प्रश्न प्रौढांना सोडविता आला नाही तो मुलांच्या गळ्यात बांधून आपण मोकळे होत आहोत, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आणि मुलांची संगत ठरविण्याचा आईबापांचा अधिकार सरकारने हिरावू नये, अशी पुस्ती त्यांनी त्याला जोडली होती. या मताचे मूळ मला त्यांच्या बालपणात दिसते. शिक्षकाने ज्यूंविषयी निंदाव्यंजक उद्गार काढले तर तत्क्षणी वर्गातून उठून घरी यावे, तक्रारीचा खलिता आई पाठवील. परंतु बरोबरीच्या मुलांनी काही म्हटले तर मात्र घरी कुरकुरत न येता आपला बचाव आपणच करावा, असा त्यांच्या आईचा दंडक होता. प्रौढाच्या अन्यायाला प्रौढानेच उत्तर द्यावे ही मर्यादा त्यात किती स्वच्छ आखलेली आहे!

आरेण्टबाईंचा प्रश्न मला खरा वाटतो. त्यांचे उत्तर मात्र पटत नाही. शाळेच्या पायरीशी येईपर्यंत त्या मुलीच्या माथी काही भारच नव्हता, असे त्या उत्तरात गृहीत धरलेले आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय बालकांपुढे एकाच घडणीच्या, केवळ रंगाने भिन्न अशा बाहुल्या ठेवून यांतील चांगली कोणती असे विचारले, तेव्हा तीन ते सात वर्षांच्या त्या मुलांपैकी बहुतेकांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निवाड्याच्या तळटीपेत या संशोधनाची दखल घेतली. तेव्हा भार होताच. तो निमूटपणे वाहिला जात असल्यामुळे कोणाच्या नजरेस आला नव्हता इतकेच.

आपल्याकडील जुन्या दप्तरात याचा एक बोलका दाखला आहे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. आणि एका व्यक्तीसाठी बाकीच्या जनतेला ती शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणे योग्य नव्हे, अशा आशयाचा ठराव करून सरकारने तो फेटाळला. न्यू ऑर्लिन्समध्ये याच्या नेमके उलट घडले. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली, पहिला संपूर्ण दिवस रुबीने मुख्याध्यापिकेच्या कचेरीत बसून काढला, आणि तरीही एका मुलीसाठी शाळा उघडी राहिली. दुःखाचे माप घेऊ गेले तर धारवाडच्या मुलाची स्थिती बरी म्हणावी लागेल, कारण त्याच्यावर कोणी ओरडले नाही. त्याला नुसते घरी राहू दिले. आरेण्टबाईंच्या न्यायाने त्याचे बाल्य सुरक्षित राहिले. कर्मविपाकाची कल्पना उराशी धरणाऱ्या आपल्या समाजाला तर अशा सुरक्षिततेचा मोठाच आधार. बालकाच्या वाट्याला आलेले पूर्वजन्मीचे असे एकदा ठरले, की या जन्मीच्या कोणालाच कैफियत द्यावी लागत नाही.

राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने आरेण्टबाईंना उत्तर दिले, त्याचा गाभा असा, की आपल्या मुलाला त्या जमावातून धाडणाऱ्या आईबापांना त्या वाटेतील भय पुरते ठाऊक असते. भय आणि संताप दोन्ही गिळून ताठ उभे राहणे ही त्या समाजातील जिण्याची दीक्षाच आहे, आणि ती चुकविण्याची सोय त्यांना नाही. आरेण्टबाईंनी १९६५ साली त्यांना पत्र लिहून मान्य केले, की त्यागाचा हा आदर्श आपल्या ध्यानात आला नव्हता. रुबीच्या घराने या दीक्षेची किंमत रोख मोजली: वडिलांची पेट्रोल पंपावरील नोकरी सुटली, आणि मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजीआजोबांना ती जमीन सोडावी लागली.

आता रुबीच्या एका प्रार्थनेविषयी. एके सकाळी रुबी जमावासमोर थबकली आणि तिचे ओठ हलताना तिच्या शिक्षिकेने खिडकीतून पाहिले. पुढे रॉबर्ट कोल्स या बालमनोविकारतज्ज्ञांनी विचारले तेव्हा कळले, की ती त्या ओरडणाऱ्या माणसांना क्षमा व्हावी म्हणून देवाची करुणा भाकीत होती. ही कथा चर्चमधून आणि शाळांतून फार प्रेमाने सांगितली जाते, आणि तीत रमणाऱ्या प्रौढांची मला थोडी धास्ती वाटते. अंगावर थुंकणाऱ्याला न रागावता पुनःपुन्हा गोदास्नान करणाऱ्या एकनाथांची आख्यायिका आपण ऐकतो, तेव्हा ते तप त्यांनी स्वेच्छेने पत्करलेले होते हे आपण जाणतो. पण क्षमेचा अधिकारी तोच, ज्याला क्रोधाचीही मुभा असते. त्या मुलीला ती मुभा कोणी दिली होती? तिला रात्री दुःस्वप्ने पडत. तिच्या अन्नात विष घालण्याची धमकी जमावातील एका बाईने दिली होती, आणि घरून दिलेली सँडविचेसुद्धा न खाता ती वर्गातील कपाटात लपवून ठेवू लागली. कोल्स यांच्यासाठी काढलेल्या चित्रांत ती गोरी माणसे मोठी आणि धडधाकट काढी, आपल्या वर्णाची माणसे मात्र लहान आणि एखाददुसऱ्या अवयवाने उणी. प्रार्थना खरी होती यात मला संशय नाही. पण तिच्या शेजारी ही चित्रेही ठेवावी लागतात.

शिवाय ज्यांच्यासाठी ती प्रार्थना करीत होती, ते काही देवाला पारखे झालेले लोक नव्हते. न्यू ऑर्लिन्स हे कॅथलिकांचे मोठे ठाणे. तेथील आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ सालीच धर्मपत्र काढून वर्णभेद हे पाप आहे असे घोषित केले होते. परंतु चर्चच्या स्वतःच्या शाळा मात्र १९६२ साली, म्हणजे सरकारी शाळांच्याही दोन वर्षे मागून, सर्वांस खुल्या झाल्या, आणि तेव्हा विरोध करणाऱ्या तिघांना बहिष्कृत करण्याची पाळी त्यांच्यावर आली. सिद्धांत आणि आचरण यांतील असे अंतर अद्वैताच्या देशातल्या माणसाने दुसऱ्याला दाखवू नये हे बरे.

त्या वर्षी रुबीला शिकविण्यास तयार झालेली शिक्षिका एकच, बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. आणि त्यांच्या वर्गाच्या पटावरील मुलगीही एकच. दोघी एका बाकावर बसून वाचीत, गात, व्यायाम करीत. हे सारे हृद्य आहे, परंतु ती समता नव्हे. एक गुरू आणि एक शिष्य यांच्यामध्ये स्नेह नांदू शकतो. समतेला निदान आणखी एक मूल लागते, ज्याच्याशी भांडता येईल. वर्षाच्या उत्तरार्धात काही गोरी मुले परत आली आणि हेन्रीबाईंनी आग्रह धरून त्यांची व रुबीची गाठ घालून दिली. त्यांतील एका मुलाने तिला सांगितले, की तू कृष्णवर्णीय आहेस, तुझ्याशी खेळू नकोस असे मला आईने बजावले आहे. सारा गोंधळ कशासाठी चालला आहे हे रुबीला त्या क्षणी प्रथम उमगले. आणि तिने पुढे लिहिले आहे, की तिला त्या मुलाचा राग आला नाही, कारण तिच्या आईने तसे बजावले असते तर तीही तशीच वागली असती.

इतक्या साऱ्या प्रसंगांत मला हा सर्वांत दारुण वाटतो. जमावात निदान अधर्म उघडा होता. येथे एक बालक आपला धर्मच पाळीत होते. मातेची आज्ञा मानणे हा बाल्याचा पहिला सद्‌गुण, आणि तोच येथे अन्यायाचा वारसा एका पिढीकडून दुसरीकडे पोचविणारा जासूद झाला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य विद्या पुरी झालेल्या शिष्याला माता, पिता आणि आचार्य यांना देव मानण्यास सांगतात. परंतु लागलीच हेही सांगतात, की आमची जी कर्मे निर्दोष असतील त्यांचेच अनुकरण कर, इतरांचे नको. स्वतःला देव म्हणविण्याच्या आज्ञेला जोडूनच आपल्या आचरणात टाकाऊ भाग आहे असे कबूल करणारा हा गुरू मला मोठा प्रामाणिक वाटतो. अडचण एवढीच, की ही कबुली शिष्याला घरी जाण्याच्या वेळी मिळते, आणि तोवर आज्ञापालनाची त्याची सवय हाडीमासी खिळलेली असते. पहिल्या इयत्तेत ती कोणी द्यावी? आईबाप सहसा देणार नाहीत. म्हणून मुलांची संगत ठरविण्याचा आरेण्टबाईंनी राखून ठेवलेला पालकांचा अधिकार मला प्राथमिक शाळेच्या उंबरठ्याबाहेर थांबवावासा वाटतो. ज्या मुलाने आईचे म्हणणे सांगितले, त्याला न रागावता, आणि त्याच्या आईला वाईट न ठरविता, तरीही खेळावयास लावणे, हे काम ज्याला साधते तो शिक्षक. समतेवरील धडा वाचून दाखविणे हे त्या मानाने फारच सोपे.

दुसऱ्या इयत्तेत रुबीच्या वर्गात इतर मुले होती, दारात मार्शल नव्हते, आणि शहराने हे प्रकरण मिटले असे धरले. हेन्रीबाईंचा करार शाळेने पुढे चालू ठेवला नाही. त्या पतीसह बोस्टनला परत गेल्या. त्यांच्या सहवासात रुबीच्या बोलण्यात बोस्टनकडचे उच्चार आले होते, आणि नव्या शिक्षिकेने तिला त्यावरून टोकावयास आरंभ केला.